नाचणीच्या पेजेत अर्धा चमचा मोडाचं पीठ

गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांत जिथं उसाला पाणी पोचत नाही, त्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या उतारावर नाचणी पिकते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. कोल्हापूरच्या शेंडा पार्कातल्या संशोधन केंद्रात तिच्यावर वर्षानुवर्षं काम चाललं आहे. असं धान्य दाराशी असूनही तान्ह्या बाळाच्या वाटीत जाते ती बहुधा पाणीदार पेज.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. बाळाचं पोट मात्र वजनाच्या किलोमागे ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाचं एका वेळी वाटीभर, साधारण २०० मिलिलिटर. त्या वाटीत १० ग्रॅम पीठ असेल तर पोटात जातात ३०-३५ किलोकॅलरी. अशा सहा वाट्या रोज कोण पाजणार? बरं, पीठ तिप्पट करावं तर पेज चमच्याला धरून बसते. शिजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि सगळं थापल्यासारखं होतं. घट्ट झालं की त्यात पाणी ओतायचं, हा घरोघरीचा उपाय. पण त्यानं वाटीतलं अन्न वाढत नाही, पाणी वाढतं.

इथं मोड कामाला येतात. दाणा रुजू लागला की त्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं. कोंबाला खाऊ घालायला ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. साखळ्या तुटल्या की त्या पाणी धरून ठेवू शकत नाहीत आणि घट्ट पेज डोळ्यांदेखत सैल होते. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी यावर बरंच काम केलं. टांझानियात अशा मोडाच्या पिठाला 'किमेआ' म्हणतात.

करायचं असं. पाव किलो नाचणी तीन-चार पाण्यांनी धुऊन नीट रोळून घ्या. या बारीक दाण्यात खडा दिसत नाही, तो रोळल्यावरच खाली राहतो. १०-१२ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. पूर्ण निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांधा. २४ ते ३६ तासांत पांढरे मोड येतात. थंडीत जास्त वेळ लागतो. आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं. काळे-हिरवे ठिपके दिसले तर सगळं फेकून द्या. धुऊन किंवा उकळून बुरशीचं विष जात नाही. पावसाळ्यात बुरशीची भीती जास्त, साठवलेल्या पिठालाही, म्हणून वर्षाचं पीठ उन्हाळ्यात करून ठेवण्यापेक्षा महिन्याचं थोडं थोडं करावं आणि पावसात पंख्याखाली पातळ पसरून वाळवावं. दाणा दाताखाली कट्‌ करून फुटला की वाळला. हातावर चोळून, पाखडून मोड काढा आणि दळा.

भाजू नका. खमंगपणासाठी मोडाची नाचणी लालसर भाजायची सवय असते, त्यात विकर मरतं आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते. म्हणून दोन डबे ठेवा: एकात नेहमीचं भाजलेलं पीठ, दुसऱ्यात मोडाचं, न भाजलेलं.

२०० मिलिलिटर पाण्यात ३० ग्रॅम साधं पीठ गार असतानाच कालवून शिजवा. घट्ट होईल, होऊ द्या. गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबा. उकळत्या पेजेत विकर टिकत नाही आणि गार पेजेत ते सुस्तावतं. साधारण ६०-७० अंश हवेत, म्हणजे वाफ येते पण बुडबुडा नाही. आता मोडाचं पीठ अर्धा चहाचा चमचा घालून ढवळा. काही मिनिटांत पेज पळीवरून ओघळू लागेल. मग पुन्हा एक उकळी आणा, कारण मोडाच्या कच्च्या पिठात जंतू असतात. वर चमचाभर तूप म्हणजे आणखी ४५ किलोकॅलरी. वाटी दीडशेच्या घरात जाते.

वस्त्रगाळ सत्वाचं कौतुक मला थोडं कमीच आहे. नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः टरफलात असतं आणि फडक्यातून गाळलं की तेच चोथ्यात जातं; खाली राहतो तो बहुतांशी स्टार्च. बारीक चाळणी पुरे. लोहाचंही ऐका: नाचणीत १०० ग्रॅमला चार-साडेचार मिलिग्रॅम आहे, पण टरफलातली फायटेट आणि टॅनिन ही द्रव्यं ते अंगी लागू देत नाहीत. मोड आल्यानं फायटेट घटतं, तरी अर्ध्या चमच्याच्या हिशेबानं त्यावर विसंबू नये. पेज शिजल्यावर लिंबाचे चार थेंब पिळले तर लोह जास्त लागू पडतं. आणि गूळ? कोल्हापुरात हे सांगणं धाडसाचं, पण दोन वर्षांखालच्या बाळाला लोहासाठी म्हणून गूळ घालू नये. त्यातून लोहापेक्षा साखरच जास्त जाते.

नाचणी नसेल तर जोंधळ्याला मोड आणून चालेल का? जपून. ज्वारीच्या कोंबात आणि मुळांत सायनाइड देणारं द्रव्य असतं, त्यामुळे वाळवून ते कोंब पूर्ण चोळून पाखडल्याशिवाय ते पीठ बाळाच्या वाटीत नको.