जुन्या डाइव्ह घड्याळांचे मोल : पार्श्वभूमी

यांत्रिक डाइव्ह घड्याळांच्या (पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी बनवलेल्या घड्याळांच्या) जुन्या बाजारात नवख्याला बुचकळ्यात टाकणारा एक प्रकार हमखास दिसतो. कंपनीच्या अधिकृत केंद्रात तबकडी, काटे आणि बेझल (काचेभोवतीचे फिरणारे कडे) बदलून घेतलेले चकचकीत घड्याळ कमी किमतीला जाते. तेच मॉडेल तबकडीवरचे पिवळट पडलेले ठिपके आणि अंगावरचे ओरखडे घेऊन आलेले असेल, तर संग्राहक त्यासाठी कितीतरी जास्त पैसे मोजतो. याला केवळ हौशी लोकांची लहर म्हणून सोडून देता येत नाही. ही घड्याळे दागिना म्हणून नव्हे, तर उपकरण म्हणून घडवली गेली होती, त्यांचे भाग झिजताच बदलायचे असे गृहीतच होते, आणि म्हणूनच न बदललेला भाग आज दुर्मिळ ठरला आहे.

झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये अ‍ॅक्वालंग सिद्ध केले, तेव्हापासून पाणबुड्याला पाठीवरच्या टाकीतली हवा घेऊन मोकळेपणाने पोहता येऊ लागले; पण टाकीतली हवा किती वेळ पुरणार, हे त्याला स्वतःच मोजावे लागे. फ्रेंच नौदलाच्या पाण्याखाली उतरून लढणाऱ्या जवानांसाठी रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे अधिकारी घड्याळ शोधत होते. ब्लँकपेन कंपनीचे प्रमुख झाँ-झाक फिश्टर हे स्वतः हौशी पाणबुडे होते आणि पाण्याखाली हवा संपण्याचा अनुभव त्यांनी घेतलेला होता. या दोन गरजा जुळून 1953 मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ आले. पन्नास वाव, म्हणजे सुमारे 91 मीटर, ही तेव्हाच्या पाणबुड्यांच्या दृष्टीने खोलीची व्यावहारिक मर्यादा होती. चावी वारंवार ओढावी लागली की तिच्याभोवतीचे रबर झिजते आणि पाणी आत शिरते, म्हणून ते ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, ठेवले गेले. बुडीची वेळ मोजण्यासाठीचे बेझल दाबल्याशिवाय फिरत नसे, कारण खडकाला घासून ते चुकून सरकले असते, तर उरलेल्या वेळेचा हिशेबच चुकला असता. रोलेक्सचे सबमरिनरही 1953 मध्येच घडले आणि पुढच्या वर्षी बाझेलच्या प्रदर्शनात मांडले गेले. पहिले कोण, हा वाद संग्राहक अजूनही चवीने घालतात. घड्याळाची पारख करताना त्याचा फारसा उपयोग नाही.

पारखीच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा धागा आहे तो ठिपक्यांवरच्या आणि काट्यांवरच्या, अंधारात उजळणाऱ्या रंगाचा. सुरुवातीच्या तबकड्यांवर रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असे. त्याचे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ) सुमारे 1600 वर्षे असल्यामुळे किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर अशा घड्याळापाशी आजही टिकटिकतो. मात्र रंगातले जस्ताचे संयुग किरणांच्या माऱ्याने निकामी झालेले असते, म्हणून तबकडी अंधारात दिसत नाही. 1960च्या दशकात त्याची जागा ट्रिटियम या किरणोत्सर्गी हायड्रोजनने घेतली, आणि सहाच्या आकड्याखाली ‘स्विस’ या शब्दाला ‘टी’ हे अक्षर जोडले जाऊ लागले. ट्रिटियमचे अर्धायुष्य जेमतेम 12.3 वर्षांचे, त्यामुळे त्याची स्वतःची चमक आता जवळपास विझलेली असते. ट्रिटियमची जुनी तबकडी अतिनील दिव्याखाली धरली, तर ठिपके क्षणभर उजळतात आणि दिवा बंद करताच विझतात किंवा पटकन मंदावतात. तसे न होता काटे मिनिटभर हिरवे चमकत राहिले, तर ते काटे 1990च्या दशकात आलेल्या किरणोत्सर्ग-विरहित रंगाचे, म्हणजे नंतर बसवलेले, असे धरायला हरकत नाही. ठिपक्यांचा रंग मलईसारखा आणि काट्यांचा पांढरा असेल, तर दिव्याचीही गरज पडत नाही.

सैन्यासाठी बनलेल्या घड्याळांची गोष्ट आणखी वेगळी आहे. अमेरिकन नौदलाच्या टोर्नेक-रेव्हिल घड्याळांवर प्रोमेथियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य वापरलेले होते, आणि किरणोत्सर्गी म्हणून त्यांतली बरीचशी सेवेनंतर नष्ट केली गेली. उरलेल्यांना आजची किंमत आली ती या नासाडीमुळे.

सेको कंपनीने 1965 मध्ये 150 मीटरचे पहिले जपानी डाइव्ह घड्याळ काढले, आणि 1976 पासून आलेले 6309 हे मॉडेल पुष्कळ देशांत सामान्य खिशाला परवडले. त्याच्या मागच्या झाकणावरील क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो आणि दुसरा महिना, त्यामुळे झाकण व तबकडी यांचा काळ ताडून पाहता येतो. मात्र त्याचे बाहेर बनलेले सुटे भाग इतके मिळतात की अस्सल वाटणाऱ्या घड्याळात मूळचे फक्त मशीन उरलेले असू शकते.

आपल्याकडे याचा थेट संबंध येतो तो मुंबईमुळे. परदेशी संग्राहकांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ म्हणजे नव्याने रंगवलेल्या तबकडीचे, चार घड्याळांचे भाग जुळवून केलेले घड्याळ, आणि हा शब्द ते कौतुकाने वापरत नाहीत. त्यात काही अन्याय आहे. फेवर-ल्यूबा, वेस्ट एंड यांसारखी स्विस घड्याळे भारतात अमाप खपली; पुढे आयातीवर निर्बंध आल्यावर मूळ तबकडी मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा डागाळलेली तबकडी घासून नव्याने रंगवून देणे हे कारागिराचे रास्त काम होते आणि गिऱ्हाईकही तेच मागत असे. फसवणूक सुरू होते ती असे घड्याळ ‘मूळ स्थितीत’ म्हणून विकले जाते तेव्हा. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुगीर किंवा तुटक दिसणे, मिनिटांच्या रेषा ठिपक्यांशी न जुळणे आणि ‘टी’ असायला हवे तिथे नुसते ‘स्विस मेड’ असणे, या खुणा बहुधा पुरेशा ठरतात. शिवाय ‘सी चीफ’, ‘सी किंग’ अशा नावांवर भाळू नये. ती साधी, पाण्याचे शिंतोडे सोसणारी रोजच्या वापराची घड्याळे होती. त्याच फेवर-ल्यूबाने 1960च्या दशकात काढलेले, खोली काट्याने दाखवणारे ‘बाथी’ मात्र खरेखुरे पाणबुड्याचे उपकरण होते.