दुधाच्या दाढेवरची कॅप: स्टीलची की झिरकोनियाची?

रूट कॅनाल झालेली दुधाची दाढ आतून पोकळ असते. नुसतं सिमेंट भरून सोडली, तर चावताना तिची पातळ भिंत चिरते किंवा फटीतून लाळ झिरपून पुन्हा पू होतो. पहिली दाढ साधारण 9 ते 11 आणि दुसरी 10 ते 12 या वयात पडते. तोवर ती टिकावी म्हणून कॅप.

पालक कॅप निवडतात रंगावरून: स्टीलची चंदेरी, झिरकोनियाची (हे एक कडक सिरॅमिक) दातासारखी पांढरी. पण आधी विचारावं, कॅप बसवायला दाढ किती घासून कमी करावी लागेल?

स्टीलची कॅप म्हणजे जेमतेम 0.2 मिलिमीटरचा पत्रा. वरून 1 ते 1.5 मिलिमीटर घासायचं, शेजारच्या दातांकडच्या बाजूंनी अगदी थोडं, बाकी जवळपास नाहीच. कडा पक्कडीने आत वळवल्या की ती हिरडीलगतच्या फुगवट्याला धरून बसते. बसताना 'टक्' असा आवाजही येतो. जरासं रक्त आलं तरी फारसं अडत नाही.

झिरकोनिया वळत नाही. त्यामुळे कॅप दाढेला नाही, दाढच कॅपला जुळवावी लागते: वरून 1.5 ते 2 मिलिमीटर, चारी बाजूंनीही बऱ्यापैकी, थेट हिरडीखालपर्यंत. कॅप अलगद बसली पाहिजे. जोर दिला तर तडकते. सगळी पकड सिमेंटची, आणि त्यात रक्त किंवा लाळ मिसळली की काही महिन्यांत कॅप मुलाच्या हातात! सतत हलणाऱ्या, रडणाऱ्या मुलाला ती नीट लावणं कठीणच.

म्हणून मागच्या दाढेला आमचं मत स्टीलला. हसताना दिसणारी पहिली दाढ, हिरडीवर पुरेसा शिल्लक दात आणि शांत बसणारं मूल असेल तर झिरकोनिया जरूर लावावी. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर स्टील बादच, कारण त्यात निकेल असतं.

स्टीलमध्ये चूक होते ती मापात. दुसऱ्या दाढेवर मोठी कॅप बसवली आणि मागची कड बाहेर राहिली, तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ तिथेच अडकते. बसवल्यावरचा एक्स-रे बघून घ्यावा.

कॅप थोडी उंच लागली तर काही आठवड्यांत चावा जुळतो. निघाली तर डबीत ठेवून दवाखान्यात न्यावी, घरी फेव्हिक्विकने चिकटवू नये. स्टीलची वाकली नसेल तर तीच पुन्हा बसते. दाढ पडायची वेळ आली की कॅप वेगळी काढावी लागत नाही, दोन्ही एकत्रच पडतात.