मधमाश्यांच्या पेटीसमोर ढग दिसला: माश्या खेळतायत की लूट चाललीय?

फेब्रुवारी लागला की मला दरवर्षी एकदोन फोन येतातच, बहुतेक दुपारी एक-दीडच्या सुमारास, की अगं मधमाश्यांच्या पेटीसमोर माश्यांचा नुसता ढग झालाय, आता काय करू. आणि मला दरवेळी सांगावं लागतं की फोनवर नाही सांगता येणार, तू जवळ जा आणि मी विचारते तेवढंच बघ. कारण थंडी सरताना पेटीसमोर जो ढग दिसतो तो दोन अगदी उलट गोष्टींचा असू शकतो. एक म्हणजे नवीन माश्यांचा खेळ, म्हणजे आत सगळं छान चाललंय. दुसरी म्हणजे लूट, म्हणजे दुसऱ्या पेटीच्या माश्या येऊन तुमच्या पेटीतला मध उचलून नेतायत, आणि पेटी कमजोर असेल तर एकदोन दिवसात खलास. पाच पावलांवरून दोन्ही सेम दिसतं.

आमच्या ग्वाल्हेरात हा घोळ नेमका याच महिन्यात का होतो ते आधी सांगते. जानेवारीत इथे धुकं असं असतं की कधीकधी चार-चार दिवस ऊन दिसत नाही, रात्री पारा ५ च्या खाली जातो, माश्या पेटीत एकमेकींना चिकटून गोळा करून बसतात आणि साठवलेला मध खात दिवस काढतात. मग एक दिवस स्वच्छ ऊन पडतं आणि आतली सगळी कोंडलेली मंडळी एकदम बाहेर. त्याच वेळी दुसरीकडे मोहरीचा (इकडे आपण मराठी लोकही सरसोंच म्हणतो) फुलोरा संपत आलेला असतो. मुरैना, भिंडकडची शेतं महिनाभर पिवळीधमक असतात तेव्हा माश्यांना कुठे बघायची गरजच नसते, आणि ती फुलं गळाली की हजारो माश्या उपाशीपोटी वास काढत फिरतात. शहरात तेव्हा शेवगा फुललेला असतो, थोडंफार बागांमधलं काही, बास. म्हणजे खेळायचं कारण आणि लुटायचं कारण, दोन्ही एकाच पंधरवड्यात येतात.

आता खेळ म्हणजे काय. कामकरी माशी अंड्यापासून बाहेर यायला २१ दिवस घेते (मी इटालियन माश्यांचं सांगतेय, माझ्याकडे त्याच आहेत), मग सुरुवातीला ती आतलीच कामं करते, साफसफाई, अळ्यांना भरवणं वगैरे, आणि बाहेर चारा आणायला लागायच्या आधी ती आपलं घर ओळखायला शिकते. दुपारच्या उन्हात दारातून निघते, उलटी वळते आणि पेटीकडे तोंड करून हवेत डुलते, वर-खाली, डावी-उजवी, आधी वीतभर अंतरावरून, मग हळूहळू मोठे गोल घेत. अशा शंभर-दोनशे जणी एकदम करायला लागल्या की ढगच होतो. नीट बघितलंत तर त्या अंगाने लवदार दिसतात, फिकट, मऊ, अगदी नवीन. दारात कोणी कोणाला अडवत नाही, भांडण नाही, आणि या सगळ्या गर्दीतून मधूनच एखादी पायाला परागाचा पिवळा गोळा लावलेली सरळ आत शिरते. पंधरा-वीस मिनिटं हा कार्यक्रम चालतो, फार तर अर्धा तास, आणि मग जसा आला तसा ओसरतो.

मला या खेळाचं इतकं कौतुक का, तर थंडीत पेटी उघडता येत नाही. उघडली की आतली ऊब जाते, अळ्या गारठतात. पण खेळ दिसला की हिशोब लागतो, १० फेब्रुवारीला नवीन माश्या खेळतायत म्हणजे २१ दिवस अधिक साधारण आठवडा मागे जा, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन धुक्यात, राणी अंडी घालत होती. झाकणाला हात न लावता कळलं की राणी जिवंत होती आणि कामाला लागली होती. यापेक्षा चांगलं चेकिंग कुठलं?

(त्याच दुपारी शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर पिवळे ठिपके पडले असतील तर तेही वाईट नाही, माश्या थंडीत दिवसेंदिवस पोट धरून बसतात आणि ऊन मिळालं की बाहेर येऊन मोकळ्या होतात. काकूंना मात्र आधीच सांगून ठेवा.)

लूट याच्या अगदी उलटी. लुटारू माशी पेटीकडे तोंड करून डुलते हे खरं, म्हणूनच फसायला होतं, पण ती शिकत नसते, ती वाट शोधत असते. पाय खाली लोंबते सोडलेले, डावी-उजवीकडे झोके घेत, दाराशी येते, पहारेकरीण पुढे झाली की मागे सरते, परत येते. आणि फक्त दाराशी नाही, झाकणाच्या फटीला, मागच्या कोपऱ्याला, जिथून म्हणून मधाचा वास येतो तिथे तिथे हुंगत बसते. बऱ्याच जणींच्या अंगावरची लव झडून त्या काळ्या, तुळतुळीत दिसतात. उतरायच्या फळीवर दोघी दोघी एकमेकींना धरून गडगडत खाली पडतात. आणि आवाज बदलतो, खेळाचा गुणगुणाट मऊ असतो, हा चिडका, वरच्या पट्टीतला.

पण मला सगळ्यात पक्की वाटते ती एकच खूण, आणि ती मला मुरैन्याकडच्या ज्या भैयांकडून मी पेट्या आणल्या त्यांनी एका वाक्यात सांगितली होती, "दीदी, जाने वाली का पेट देखो." धडधाकट पेटीत येणारी माशी भरलेली असते आणि जाणारी हलकी, फळीवरून सुळकन उडते. लुटीत उलटं, येणारी रिकामी आणि जाणारी टम्म. पोट ताणलेलं, चकाकतं, तिला जागेवरून उडताच येत नाही, ती पेटीच्या पुढच्या भिंतीवर चढत जाते, मग सुटते, थोडी खाली झुकते आणि मग सावरून निघते. एकदा हे डोळ्याने बघितलं की परत विसरत नाही.

मी हे शिकले ते एक पेटी गमावून. तीन वर्षांपूर्वी, इथल्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात दोन पेट्या होत्या, त्यातली एक थंडीत बरीच कमजोर झालेली. दुपारी ढग दिसला, मला इतका आनंद झाला की मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, बघा माझ्या बाळांचा पहिला खेळ. तीन वाजले, चार वाजले, उन्हं उतरली तरी ढग तसाच, आणि तरी मला शंका नाही आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी एका हाताने उचलली गेली. आत तळाच्या फळीवर मेणाचा भुगा, अगदी जाड रव्यासारखा, आणि पोळ्यातली मधाची घरं कडेने ओरबाडलेली. आपल्या माश्या स्वतःचा मध खातात तेव्हा घरांवरचं मेणाचं झाकण नीट कुरतडून काढतात, कडा साफ राहतात, लुटारूंना तेवढा वेळ नसतो. चौकटीच्या कोपऱ्यात मूठभर माश्या राणीभोवती बसलेल्या होत्या, त्याही त्या आठवड्यात गेल्या. तो व्हिडिओ मी अजून डिलीट केलेला नाही, नवीन कोणी पेटी घेतली की तोच दाखवते, त्यात दुसऱ्याच सेकंदाला एक टम्म माशी भिंतीवर चढताना स्पष्ट दिसते.

आणि उलटी चूकही होते बरं का. माझ्या आतेभावाने खेळालाच लूट समजून भर दुपारी दारात कापड कोंबलं होतं. आतल्या माश्या आत घुसमटतायत, पराग घेऊन आलेल्या बाहेर भिंतीवर घोसच्या घोस लटकलेल्या. त्याला म्हटलं दादा, आधी ते कापड काढ, मग बोलू.

पोट बघूनही खात्री वाटत नसेल आणि घरात किंवा शेजारी दुसरी पेटी असेल तर पिठाचा उपाय करून बघा, चिमूटभर तांदळाचं पीठ दारातून निघणाऱ्या माश्यांवर भुरभुरायचं आणि पांढऱ्या माश्या कुठे जातात ते बघायचं. खेळ असेल तर याच दारात परत येतील. दुसऱ्या पेटीत शिरल्या तर लुटारूचं घरही सापडलं. शिवाय संध्याकाळ आहेच, खेळ कधीच संपलेला असतो, लूट अंधार पडेपर्यंत चालते.

लूटच निघाली तर पेटी उघडू नका, धूरही देऊ नका, आपल्याच पहारेकरणींना काही कळेनासं होतं. दार एक माशी जाईल एवढंच ठेवा, लाकडाची पट्टी लावा नाहीतर गवताची काडी खोचा, पण पूर्ण बंद नको. झाकणाच्या फटी चिकणमातीने किंवा टेपने बुजवा. फारच जोर असेल तर पेटीवर ओली चादर टाका, घरच्या माश्या कडेखालून वाट काढतात, परक्या गोंधळतात. अंधार झाल्यावर बाकीचं बघा, आणि जमत असेल तर पेटी रात्रीच चार-पाच किलोमीटरवर कोणाकडे नेऊन ठेवा.

बहुतेक लुटी आपणच ओढवून घेतो हेही सांगायला हवं. थंडीच्या शेवटी राणी जोरात अंडी घालते, अळ्या वाढतात, त्यांना भरवायला मध भराभर संपतो, म्हणजे पेटी उपाशी मरायची भीती डिसेंबरपेक्षा आत्ता जास्त. म्हणून पेटी मागून जरा उचलून वजन बघायचं आणि हलकी लागली तर साखरेचा पाक द्यायचा हे बरोबरच. पण लोक तो भर दुपारी देतात, चार थेंब बाहेर सांडतात, किंवा जुनं पोळं "खातील बिचाऱ्या" म्हणून अंगणात उघडं ठेवतात. उघड्या मधातून रोगही पसरतात आणि अख्ख्या गल्लीतल्या माश्यांना पत्ता मिळतो. पाक दिवेलागणीला, पेटीच्या आतच, सांडला तर लगेच ओल्या फडक्याने पुसून.

माझ्या दोन्ही पेट्यांची दारं सध्या दोन बोटांएवढीच आहेत, दुपारी खेळाच्या वेळी तिथे थोडी रेटारेटी होते, होऊ दे. परागाचे गोळे घेऊन येणाऱ्या माश्यांची दारात सकाळीच रांग लागायला लागली की मग पट्टी काढेन.