दिसत नाही ती धूळ

दगड किंवा काँक्रीट कापताना पांढरा लोट उठला की माणूस नाकाला रुमाल लावतो. लोट विरला की रुमाल खाली येतो. घात होतो तो इथेच. डोळ्यांना दिसणारे जाड कण लवकर खाली बसतात, उरलेले नाक-घसा बऱ्याच अंशी अडवतो. पण केसाच्या जाडीच्या सत्तराव्या हिश्शाएवढा, एक मायक्रॉनचा सिलिकाचा (दगड-वाळूतल्या खनिजाचा) कण शांत हवेतसुद्धा डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला पाच-सहा तास घेतो.

हा कण थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातो. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण सिलिका पचत नाही. पेशीच मरते, कण मोकळा होतो, त्याला गिळायला दुसरी पेशी येते आणि तीही मरते. दाह धुमसत राहतो आणि स्पंजासारख्या फुप्फुसात जखमेच्या वणासारख्या कडक गाठी धरतात. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही आणि धुळीचं काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. शिवाय क्षय आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा धोका वाढतो.

त्याला धूळ तरी किती लागते? कामाच्या जागी हवेतल्या अशा बारीक सिलिकाची अमेरिकेत २०१६ साली ठरलेली मर्यादा आहे आठ तासांच्या पाळीत सरासरी ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. एका पाळीत माणूस साधारण १० घनमीटर हवा ओढतो. म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम, मिठाचे जेमतेम आठ-दहा कण!

म्हणून मला मास्कच्या आधी पाण्याबद्दल बोलायचं आहे. कटरच्या पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ उडण्याआधीच चिखल होते. पाणी चालत नसेल तिथे अवजारालाच शोषक नळी जोडावी. कोरडा झाडू आणि कपडे झटकायला कॉम्प्रेसरची हवा, या दोन्ही सवयी बसलेली धूळ पुन्हा नाकापर्यंत उचलतात. ओलं पुसणं किंवा बारीक गाळणीचा व्हॅक्यूम क्लिनर हाच मार्ग.

मास्क यानंतरचा. रुमालातून हे कण सहज पार होतात. एन-९५ पुष्कळ अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीच्या खुंटांतूनही हवा शिरते. आणि कापणाऱ्याला मास्क देऊन शेजारी दगड धरून उभ्या असलेल्या मदतनिसाला विसरू नये. तोही तीच हवा ओढत असतो.