लॅपटॉप स्लीपमधून उठतच नाहीये, की उठलाय पण स्क्रीन येत नाहीये?

झाकण उघडलं, बटण दाबलं, कीबोर्डवरची दोन-चार बटणं आपटून बघितली, तरी समोर काळीकुट्ट स्क्रीन. अशा वेळी सगळे एकच वाक्य बोलतात, "स्लीपमधून उठत नाहीये यार", आणि पॉवर बटण दाबून धरतात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्या एका वाक्यात दोन वेगळे बिघाड एकत्र झालेले असतात. एकात मशीन खरोखर उठलेलं नसतं. दुसऱ्यात मशीन टक्क जागं असतं, विंडोज चालू असतं, तुमची अर्धवट एक्सेल शीट रॅममध्ये जशीच्या तशी उघडी असते, फक्त चित्र स्क्रीनपर्यंत पोचत नसतं. पहिल्या केसमध्ये बटण दाबून धरण्याशिवाय फारसा उपाय नसतो. दुसऱ्या केसमध्ये मात्र सेव्ह न केलेलं काम वाचवता येण्यासारखं असतं आणि आपणच ते घालवतो.

हे दोन्ही बाहेरून इतके सारखे का दिसतात हे कळायला स्लीपमध्ये आत काय होतं ते थोडं बघू. जुन्या पद्धतीच्या स्लीपला एस ३ म्हणतात. हे नाव एसीपीआय ह्या, कॉम्प्युटरची वीज कशी सांभाळायची ते ठरवणाऱ्या स्टँडर्डमधलं आहे, जे इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने मिळून १९९६ मध्ये आणलं. एस ३ मध्ये प्रोसेसर बंद, डिस्क बंद, ग्राफिक्स बंद, करंट मिळतो तो मुख्यतः रॅमला, कारण रॅममधला डेटा सतत रिफ्रेश करत राहावं लागतं, करंट गेला की डेटा गेला. आता उठताना काय होतं बघा. प्रोसेसर सुरू झाला की आधी बायोस जागा होतो, तो हार्डवेअर मार्गी लावतो आणि मग विंडोजच्या हातात सूत्रं देतो, आणि मग विंडोजमधला एकेक ड्रायव्हर आपापलं डिव्हाइस परत चालू करतो. बायोस अडकला किंवा डिस्कचा ड्रायव्हर अडकला तर सगळं मशीनच अडकतं. फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडखळला तर बाकी सगळं चालू होतं आणि स्क्रीन तेवढी काळी राहते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे काळंच दिसणार.

फरक ओळखायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे कॅप्स लॉक. एकदा दाबा, परत दाबा, आणि त्याचा बारीक दिवा बघा. तो दिवा बहुतेक लॅपटॉपमध्ये विंडोजच्या सांगण्यावरून लागतो आणि विझतो, त्यामुळे तो प्रत्येक दाबण्याला बदलत असेल तर विंडोज जागं आहे, प्रॉब्लेम स्क्रीनचा आहे. दिवा ढिम्म असेल, मग तो लागलेला असो की विझलेला, तर मशीन हँग आहे किंवा उठलेलंच नाही. काही मॉडेल्सना हा दिवा नसतो, तिथे आवाजावर भरवसा ठेवा: पेनड्राइव्ह लावला की विंडोजचा तो टिंग आवाज येतो का, आवाज कमी-जास्त करायच्या बटणांनी काही ऐकू येतं का (म्यूट केलं असेल तर अर्थातच नाही). पंखा फिरतोय ह्यावरून मात्र काही ठरवू नका, कारण अडकलेल्या मशीनचाही पंखा फिरतो.

इथे एक गोष्ट जी कुणी सांगत नाही आणि जिच्यामुळे सगळा गोंधळ वाढतो. पॉवर बटण थोडक्यात दाबलं तर झोपलेलं मशीन उठतं, बरोबर, पण जागं असलेलं मशीन बहुतेक लॅपटॉपच्या डिफॉल्ट सेटिंगनुसार त्याच दाबण्याने परत झोपतं. म्हणजे स्क्रीन काळी आहे म्हणून तुम्ही बटण दाबलं, मशीन जागं होतं ते झोपायला लागलं, तुम्ही वैतागून परत दाबलं, ते परत उठायला लागलं, असं चाललेलं असतं आणि तुम्हाला वाटतं काहीच होत नाहीये. म्हणून एकदाच दाबायचं आणि निदान एक मिनिट हात लावायचा नाही. ह्या मिनिटाचं अजून एक कारण आहे, बरेच लॅपटॉप काही तास झोपल्यावर आपोआप हायबरनेटमध्ये जातात (मेमरी डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं), तिथून उठायला कीबोर्ड चालत नाही, पॉवर बटणच लागतं, आणि डिस्कवरून सगळी मेमरी परत वाचायची असल्याने हार्ड डिस्कवाल्या जुन्या मशीनला चांगलाच वेळ लागतो. ते बिघडलेलं नसतं, कामात असतं.

तर समजा कॅप्स लॉकचा दिवा बदलतोय. मग घाई अजिबात करू नका, तुमचं काम आत सुखरूप आहे. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. विंडोज १० आणि ११ मध्ये ह्याने ग्राफिक्स ड्रायव्हर रीस्टार्ट होतो, एक छोटी बीप येते, आणि पुष्कळदा स्क्रीन तिथल्या तिथे येते, कुठलाही प्रोग्राम बंद न होता. माझ्या मते लॅपटॉप वापरणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असायला हवं. नाही आली तर विंडोज आणि पी दाबून बघा, विशेषतः तुम्ही ऑफिसमध्ये मॉनिटर लावून काम करत असाल आणि घरी येऊन झाकण उघडलं असेल तर, कारण मशीनला अजून वाटत असतं की चित्र त्या मॉनिटरवरच पाठवायचंय. विंडोज-पी दाबल्यावर बाजूला यादी येते (तुम्हाला दिसणार नाही), म्हणून परत पी दाबून पुढचा पर्याय आणि मग एंटर, प्रत्येक वेळी पाच-सात सेकंद थांबून. हे पण नाही झालं तर एचडीएमआय केबलने घरचा टीव्ही जोडा. टीव्हीवर लॉक स्क्रीन दिसली की सुटलात, लॉगिन करा, सगळं सेव्ह करा, नीट रीस्टार्ट करा.

टीव्हीवर चित्र दिसतंय आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन रीस्टार्टनंतरही काळीच, तर मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरून अंधारात बघा. फिकट का होईना आयकॉन दिसले तर बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) गेलाय, म्हणजे घरात माणसं आहेत पण दिवा लागत नाहीये, आणि हे हार्डवेअरचं काम आहे, ह्यात विंडोजचा काही दोष नाही. ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइटच नसतो, तिथे ही टेस्ट लागू नाही. दुसरी शक्यता झाकणाच्या सेन्सरची. झाकण बंद आहे की उघडं हे लॅपटॉपला सहसा चुंबक आणि सेन्सरवरून कळतं, त्यामुळे चुंबकवालं फोन कव्हर, चुंबकाच्या पट्ट्याचं घड्याळ, किंवा खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप, ह्यातलं काहीही जवळ असलं तर मशीनला झाकण बंदच वाटतं आणि ते स्क्रीन लावत नाही. लॅपटॉप रिकाम्या टेबलावर ठेवून बघायला एक पैसा लागत नाही, आधी ते करा.

आता उलट केस. कॅप्स लॉक मेलेलं, आवाज नाही, एक मिनिट थांबून झालं. इथे पहिला प्रश्न, बॅटरी शिल्लक आहे का? हा प्रश्न बावळट वाटतो पण नाहीये, कारण आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस ३ नसतोच, त्याजागी मॉडर्न स्टँडबाय असतो. ह्याची सुरुवात २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर कनेक्टेड स्टँडबाय ह्या नावाने झाली आणि विंडोज १० पासून मॉडर्न स्टँडबाय आला. ह्यात मशीन पूर्ण झोपत नाही, फोनसारखं अर्धवट जागं राहतं, मधूनमधून उठून मेल, अपडेट वगैरे बघतं. एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम त्याला झोपू देत नसेल तर बॅगेत असतानाच ते तापतं आणि बॅटरी संपवतं. बॅगेतून काढलेला लॅपटॉप गरम लागला आणि उठत नसेल तर चार्जर लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग एकदा बटण दाबा. तसंच बॅटरी पूर्ण मेलेला, फक्त चार्जरवर चालणारा जुना लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून तुम्ही जेवायला गेलात आणि लाईट गेली, तर रॅमचा करंट गेला आणि काम पण गेलं. आपल्याकडे लोडशेडिंगच्या गावात असे लॅपटॉप घरोघरी आहेत, त्यांनी स्लीप वापरूच नये, हायबरनेटच वापरावं, ह्याबद्दल माझं मत पक्कं आहे.

बॅटरी आहे, चार्जर लावलाय, तरी ढिम्म? मग चार्जर, माऊस, पेनड्राइव्ह, डॉक (मॉनिटर वगैरे एकत्र जोडायचा डबा) सगळं काढा आणि पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा. हो, आता धरा. सेव्ह न केलेलं जाईल, पण इथे ते वाचवायचा रस्ता नाहीये. मग फक्त चार्जर लावून चालू करा. डॉक किंवा यूएसबीचं काहीतरी लावलेलं असतानाच असं होतं का, हे पुढच्या एक-दोन वेळी लक्ष ठेवून बघा, उठताना यूएसबीची डिव्हाइस अडकणं फार कॉमन आहे.

लॅपटॉप परत चालू झाला की बरेच जण विषय सोडून देतात, पण खरा पुरावा तर आत्ता मिळतो. स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. तुम्ही बटण दाबून बंद केलं त्याची नोंद कर्नल-पॉवर ४१ अशी असते, ती पुढच्या वेळी चालू होताना लिहिली जाते आणि लोक तिलाच बिघाड समजून इंटरनेटवर शोधत बसतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. बघायचं असतं ते तिच्या आधी काय आहे. कर्नल-पॉवर ४२ म्हणजे मशीन झोपायला गेलं, पॉवर-ट्रबलशूटर १ म्हणजे झोपेतून परत आलं, आणि मॉडर्न स्टँडबायवाल्या मशीनमध्ये ह्याच कामाला ५०६ आणि ५०७ हे नंबर असतात. आता जुळवा: ४२ आहे आणि त्यानंतर थेट ४१, मध्ये १ नाहीच, तर मशीन विंडोजपर्यंत उठलंच नव्हतं. ४२, मग १, मग ४१ असेल तर मशीन उठलं होतं, तुम्हाला स्क्रीन दिसली नाही म्हणून तुम्ही बंद केलंत. डिस्प्ले ४१०१ अशी नोंद दिसली तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून परत सुरू झाला होता, म्हणजे संशय आणखी पक्का. कॅप्स लॉक बघायचं राहून गेलं असलं तरी ह्या तीन-चार ओळींवरून निकाल लागतो.

आणि निकालावरूनच उपाय ठरतो. स्क्रीनची केस असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर, तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा घ्या, कारण दोन ग्राफिक्स चिप असलेल्या मशीनमध्ये चिप कंपनीचा सगळ्यात नवा ड्रायव्हर कधी कधी चालत नाही. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅक ड्रायव्हर करा. मशीनची केस असेल तर बायोस आणि चिपसेट ड्रायव्हरचं अपडेट आधी. बायोसला हात लावण्याआधी मात्र बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा, कारण अपडेटनंतर मशीन ती मागू शकतं आणि नसेल तर डेटाच अडकतो. तुमच्या मशीनमध्ये कुठला स्लीप आहे हे बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश आणि ए (powercfg /a) असं टाईप करा, एस ३ आहे की एस ० (म्हणजे मॉडर्न स्टँडबाय) हे समोर येतं. स्लॅशपुढे ए ऐवजी स्लीपस्टडी लिहिलं (प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून) तर एस ० वाल्या मशीनचा रिपोर्ट तयार होतो, झोपेत बॅटरी कुणी खाल्ली ते त्यात दिसतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) बदल करून मॉडर्न स्टँडबाय बंद करण्याचे उपाय फिरत असतात, पण कंपनीने बायोसमध्ये एस ३ दिलेलाच नसेल तर त्याने उलट नवीन त्रास होतो, ते टाळा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: मेम-स्लीप ह्या फाइलमध्ये चौकोनी कंसात डीप असेल तर एस ३, एस-टू-आयडल असेल तर मॉडर्न स्टँडबायसारखा दुसरा प्रकार, आणि मशीन उठलं होतं का हे मागच्या बूटच्या जर्नलमध्ये (सिस्टमच्या नोंदींत) शेवटची ओळ कुठली आहे त्यावरून तसंच कळतं.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर "उठत नाही" एवढंच सांगू नका, कारण मग फॉरमॅट मारून हातात देतात, आणि बायोसचा दोष किंवा गेलेला बॅकलाइट फॉरमॅटने कसा जाणार? कॅप्स लॉक बदलतो का, टीव्हीवर चित्र येतं का, ४२ नंतर १ आहे का, एवढं कागदावर लिहून द्या. आणि दुरुस्ती होईपर्यंत कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण बंद केल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट लावून ठेवा. त्यात मेमरी डिस्कवर लिहून मशीन खरोखर बंद होतं आणि उठताना सगळं हार्डवेअर नव्याने चालू होतं, त्यामुळे स्लीपमधून उठताना अडकणारे बरेचसे लॅपटॉप हायबरनेटमधून मात्र सरळ उठतात.