फाटलेला फोटो, हललेला फोटो

गेल्या डिसेंबरात भाचीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. आम्हाला जागा मिळाली ती मागून तिसऱ्या रांगेत. कोळीनृत्य सुरू झालं तशी ताई म्हणाली, "अरे, झूम कर ना, तिचा चेहरा तरी दिसू दे." मी पडद्यावर दोन बोटं फाकवली, आकडा दहापर्यंत नेला आणि भराभर पंधरा-वीस फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर निम्मे फाटलेले आणि उरलेले हललेले.

फोटो "फाटला" आणि फोटो "हलला" हे दोन शब्द मला फार नेमके वाटतात. फाटलेल्या फोटोत चेहरा कुठे संपतो आणि केस कुठे सुरू होतात ते कळत नाही, जवळून पाहावं तर नुसते रंगांचे ठिपके. हललेल्या फोटोत सगळं एका दिशेला पुसल्यासारखं होतं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. पण फोन त्यांच्यावर जे उपाय करतो ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक सांगताना दुसरा सांगावाच लागतो.

आधी फाटण्याचं पाहू. झूम केलं की लांबची वस्तू जवळ येते अशी आपली समजूत असते. फोनमध्ये पुष्कळदा तसं काहीच होत नाही. समजा, फोटो ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच आहे, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपके. तुम्ही दुप्पट झूम केलंत की फोन कडेचा भाग टाकून देतो आणि मधला २००० बाय १५०० चा तुकडा ठेवतो. उरले ३० लाख ठिपके. दहापट केलंत तर मधला ४०० बाय ३०० चा तुकडा, म्हणजे फक्त १ लाख २० हजार ठिपके. हा तुकडा ताणून पुन्हा पूर्ण फोटोएवढा केला, तर दर शंभर ठिपक्यांतले नव्याण्णव ठिपके फोनने अंदाजाने भरलेले असतात. रुमालाची चादर करायला गेलं तर कापड फाटणारच.

आता ५० मेगापिक्सेलचे सेन्सर (भिंगामागची, प्रकाश टिपणारी चिप) आल्यामुळे दुप्पट झूमपर्यंत हा तुकडा चांगला निघतो. एरवी असे सेन्सर शेजारचे चार पिक्सेल मिळून एक ठिपका बनवतात. दुप्पट झूम करताना ते मधले पिक्सेल सुटे सुटे वाचतात. मोठा सेन्सर घेऊन मधला भाग कापण्याची ही युक्ती नोकियाने २०१२ साली ८०८ प्युअरव्ह्यू या ४१ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये वापरली होती.

पण खरं झूम होतं ते प्रकाश सेन्सरवर पोचण्याआधी, भिंगात. भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून लांबच्या वस्तूची प्रतिमा जिथे स्पष्ट पडते तिथपर्यंतचं अंतर, जितकं जास्त, तितका समोरच्या दृश्याचा लहानसा भाग सेन्सरभर पसरतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाभीय अंतर साधारण ७ मिलिमीटर असतं. (जाहिरातीतला २४ मिलिमीटर हा आकडा जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात रूपांतर करून सांगितलेला असतो.) पाचपट झूम हवं तर हे अंतर बरंच वाढवावं लागतं, आणि फोनची जाडी असते जेमतेम ८ मिलिमीटर. लांब भिंग उभं करायला जागाच नाही.

यावरचा तोडगा आपण शाळेत पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन आरसे चिकटवून केलेला आहे, तो म्हणजे पेरिस्कोप. फोनच्या मागच्या चौकोनी खिडकीतून आत आलेला प्रकाश एका लोलकावर पडतो आणि काटकोनात वळतो. पुढची सगळी भिंगं फोनच्या पोटात आडवी निजवलेली असतात, त्यांच्या टोकाला सेन्सर. जाडीत मिळत नाही ती जागा रुंदीत मिळते. मिनोल्टाने २००२ साली डिमाज एक्स या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात असाच वाकवलेला मार्ग वापरला होता. फोनमध्ये तो लोकांच्या हातात खऱ्या अर्थाने आला २०१९ साली, हुआवेच्या पी३० प्रोमधून. ॲपलने २०२३ च्या आयफोन १५ प्रो मॅक्समध्ये प्रकाशाला काचेच्या एका ठोकळ्यात चार वेळा परावर्तित करून तीच लांबी आणखी कमी जागेत बसवली.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. दुर्बिणीसारखं भिंग पुढेमागे सरकतंय आणि झूम हळूहळू वाढतंय, असं बहुतेक फोनमध्ये नसतंच. सोनीच्या २०२२ च्या एक्सपिरिया १ मार्क ४ सारखे अपवाद सोडले तर फोनमध्ये दोन-तीन वेगवेगळे कॅमेरे असतात आणि प्रत्येकाचं झूम ठरलेलं असतं. एक एकपटचा, एक तीनपटचा किंवा पाचपटचा. मधले सगळे आकडे कापून-ताणून काढलेले. म्हणजे फोनमध्ये एकपट आणि पाचपट असे दोनच कॅमेरे असतील, तर ४.९ वरचा फोटो मुख्य कॅमेऱ्याचा, जवळजवळ पाच पट ताणलेला असतो, आणि ५ वरचा फोटो अस्सल. आकड्यात फरक एक दशांशाचा, फोटोत जमीन-अस्मानाचा. म्हणून बोटं फाकवण्यापेक्षा पडद्यावरचं ५ चं बटण दाबावं, आणि थोडं अधिक जवळ हवं असेल तर नंतर घरी कापावं.

त्यातही फोन नेहमी ते भिंग वापरतोच असं नाही. लांबच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सहसा लहान असतो, त्याला उजेड कमी मिळतो. अंधाऱ्या जागी किंवा वस्तू फार जवळ असताना फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याकडे जातो आणि त्याचाच तुकडा ताणून दाखवतो. आकडा मात्र तोच राहतो. हे तुम्ही स्वतः तपासू शकता. पाचपटचं बटण दाबा आणि मागच्या लांब पल्ल्याच्या भिंगावर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर भिंग चालू आहे. काहीच फरक पडला नाही, तर जे दिसतंय ते दुसऱ्याच कॅमेऱ्याचं आहे. मी स्नेहसंमेलनानंतर घरातला दिवा मालवून हे करून पाहिलं. बोट ठेवलं तरी चित्र जसंच्या तसं. त्या अंधाऱ्या सभागृहातले फोटो का फाटले, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

बरं, भिंग अस्सल असलं तरी त्यालाही मर्यादा आहे, आणि ती कोणत्याही कंपनीला ओलांडता येणारी नाही. प्रकाश लहान छिद्रातून जाताना थोडा पसरतो. याला विवर्तन म्हणतात. छिद्र जितकं लहान, तितका पसारा जास्त. फोनच्या लांब पल्ल्याच्या भिंगाचं तोंड साधारण साडेपाच मिलिमीटर असतं. त्यावरून हिशेब केला तर शंभर मीटरवरच्या, एकमेकींपासून सव्वा सेंटिमीटरहून जवळ असलेल्या दोन रेघा त्याला वेगळ्या दिसूच शकत नाहीत. हाच हिशेब चंद्राला लावू. आकाशात चंद्राचा व्यास अर्ध्या अंशाचा दिसतो. त्या अर्ध्या अंशात असं भिंग या कडेपासून त्या कडेपर्यंत जेमतेम सत्तर वेगळे बिंदू ओळखू शकतं. चंद्र ३,४७४ किलोमीटर रुंद, म्हणजे एक बिंदू झाला सुमारे ५० किलोमीटरचा. टायको हे प्रसिद्ध विवर ८५ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे दोन बिंदूंहूनही लहान.

मग कोजागिरीला मसाला दूध आटायची वाट पाहताना गच्चीवरून काढलेल्या शंभरपट झूमच्या फोटोत विवरांच्या रेखीव कडा कुठून येतात? मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या एका वापरकर्त्याने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून त्या पडद्याचा फोटो काढला. फोनने त्या धूसर गोळ्यावर मुळात नसलेले बारकावे काढून दाखवले. त्यावर कंपनीने स्पष्ट केलं की फोन चंद्र ओळखतो आणि चंद्राच्या चित्रांवर शिकवलेली प्रणाली तपशील ठळक करते. फोटो सुंदर दिसतो, याबद्दल वाद नाही. पण वापरणाऱ्याला भिंगाने पाहिलेलं कोणतं आणि फोनने आठवून भरलेलं कोणतं, हे कळायला हवं. तेवढा त्याचा हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

आता हलणं. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. ठणठणीत माणसाच्याही हाताला सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक कंप असतो. मुख्य कॅमेऱ्यात सुमारे ७० अंशांचं दृश्य ४००० पिक्सेलवर पसरलेलं असतं. फोन एका अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढा वळला तर चित्र एखाद्या पिक्सेलने सरकतं, कळतही नाही. पाचपट झूमवर तेच ४००० पिक्सेल फक्त १६ अंशांवर असतात. हात तितकाच हलला, पण चित्र सरकलं पाच पिक्सेलने. झूम चेहरा मोठा करतं तसा हाताचा कंपही मोठा करतं. म्हणून जुने छायाचित्रकार सांगत की २४ मिलिमीटरच्या भिंगाला सेकंदाचा पंचविसावा भाग चालेल, पण १२० च्या भिंगाला सव्वाशेवा हवा. एवढ्या कमी वेळात सभागृहातला उजेड पुरत नाही. तेव्हा शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि तेवढा वेळ चित्र जागच्या जागी धरून ठेवायचं, हाच मार्ग उरतो.

हे धरून ठेवण्याचं काम कोण करतं? ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन असलेला फोन कॅमेरा बंद असताना कानाजवळ धरून हलवला तर बऱ्याचदा आतून बारीक खडखड ऐकू येते. फोनमध्ये काही सुटलेलं नसतं. कॅमेऱ्याचं भिंग आत तरंगत्या बैठकीवर बसवलेलं असतं, त्याचा तो आवाज. बैठकीच्या बाजूंना तारेची वेटोळी आणि चुंबक असतात. स्पीकरचा पडदा जसा विजेने पुढेमागे होतो, तसंच इथे भिंग डावी-उजवीकडे, वर-खाली सरकतं. आणि सरकायचं तरी किती? फोन अर्धा अंश कलला तर ७ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला ०.०६ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढं.

कुठे सरकायचं हे सांगतो जायरोस्कोप. नाव ऐकून गरगर फिरणारं चाक डोळ्यांसमोर येतं, पण फोनमधल्या चिपमध्ये फिरणारं काही नाही. तिथे सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सतत थरथरत ठेवलेला असतो. फोन वळला की ती थरथर बाजूला ढकलली जाते आणि किती ढकलली गेली ते मोजलं जातं. हे ढकलणं म्हणजे कोरिऑलिस परिणाम. विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येणारे वारे याच परिणामामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून कोकणावर पाऊस घेऊन येतात. जो परिणाम आपला मॉन्सून वळवतो, तोच नखाहून लहान चिपमध्ये आपला हात कसा हलला ते सांगतो. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ फोनकडे नुसता पाहत बसलो होतो.

स्मार्टफोनमध्ये असं तरंगतं भिंग पहिल्यांदा आलं २०१२ च्या नोकिया लुमिया ९२० मध्ये. पुढे ॲपलने २०२० च्या आयफोन १२ प्रो मॅक्समध्ये भिंगाऐवजी सेन्सरच सरकवायला सुरुवात केली. सेकंदाला ५,००० वेळा तो जागा सुधारतो, असं कंपनी सांगते. इतकी नाजूक यंत्रणा दणक्यांना आणि चुंबकांना वचकून असते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनेच सूचना काढली की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन थेट बसवू नका, इंजिनाच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो. दिवसभर हँडलवर फोन लावून पार्सलं पोचवणाऱ्यांनी, बुलेटवर कोकण गाठणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं आणि निदान कंपन शोषणारा होल्डर तरी लावावा.

व्हिडिओत आणखी एक पद्धत मदतीला येते, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन. कॅमेरा ॲपमध्ये फोटोवरून व्हिडिओवर गेलं की दृश्य थोडं अरुंद होतं, पाहा. फोनने चारही बाजूंची थोडी पट्टी राखीव ठेवलेली असते. हात डावीकडे गेला की तो चौकट उजवीकडे सरकवतो. हात घड्याळाच्या काट्यासारखा फिरला तर सरकणारं भिंग काही करू शकत नाही, तिथे हीच पद्धत चौकट फिरवून चित्र सरळ ठेवते. पण प्रत्येक फ्रेम टिपतानाच जे पुसलं गेलं ते तिला परत आणता येत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत रात्री चालत चालत काढलेल्या व्हिडिओत रथ स्थिर दिसतो, पण रोषणाईचे दिवे पावलागणिक लांबट होतात आणि पुन्हा गोल होतात, ते यामुळेच.

आणि समोरचं माणूसच हलत असेल, तर यातलं काहीही कामाचं नाही. माझ्या त्या फोटोंपैकी एकात मागच्या पडद्यावरचं शाळेचं नाव काना-मात्रेसकट स्पष्ट वाचता येतं, आणि भाचीचे वल्हं मारणारे हात मात्र धुरासारखे. भिंगाने माझा कंप अचूक काढला होता. तिच्या नाचाचं त्याला काय ठाऊक?

आता या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात ते पाहू. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग पाहतो. निम्मे हिरवा, पाव लाल, पाव निळा. कोडॅकच्या ब्राइस बायर यांची ही रचना, पेटंट १९७६ चं. म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग फोन शेजाऱ्यांवरून ठरवतो, आणि झूम करून ताणलं की हे अंदाज उघडे पडतात. गुगलच्या अभियंत्यांनी २०१८ साली पिक्सेल ३ या फोनसाठी उलटा विचार केला. आपण बटण दाबतो तेव्हा फोन एकामागून एक अनेक फ्रेम टिपतो. हाताच्या कंपामुळे प्रत्येक फ्रेम आधीच्यापेक्षा पाव, अर्धा, पाऊण पिक्सेल सरकलेली असते. जिथे आधी लाल पिक्सेल होता, तिथे आता हिरवा आला. दोन पिक्सेलच्या मधली जी जागा कुणीच पाहिली नव्हती, ती पुढच्या फ्रेममध्ये कुणीतरी पाहिली. सगळ्या फ्रेम एकमेकींवर नीट जुळवल्या की पुष्कळसे अंदाज गळतात आणि त्यांच्या जागी खरोखर मोजलेला प्रकाश येतो. फाटलेला फोटो इथे हाताच्या हलण्याने सांधला जातो.

पण फोन ट्रायपॉडवर असेल तर? हात नाही, म्हणजे कंप नाही. तेव्हा फोन तरंगत्या भिंगाला स्वतःच मुद्दाम हलवतो, दोन फ्रेमच्या मध्ये, अगदी किंचित. जी वेटोळी कंप थांबवायला बसवली, तीच आता कंप तयार करतात. असा फोन खिडकीच्या काचेला घट्ट टेकवून झूम शेवटापर्यंत नेलं, तर समोरची इमारत पडद्यावर हळूच, जेमतेम कळेल इतकी सरकत असते.