आपली वाट आपली कशी होते?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बिंग नर्सरी स्कूल नावाची बालवाडी आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांमधून चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातल्या प्रत्येकाला आधीच सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र दाखवलं आणि विचारलं, चित्रं काढून हे बक्षीस मिळवायचं का? दुसऱ्या गटाला काही न सांगता चित्रं काढू दिली आणि शेवटी तेच प्रमाणपत्र अचानक हातात ठेवलं. तिसऱ्या गटाला ना आश्वासन, ना बक्षीस.

खरी परीक्षा एक-दोन आठवड्यांनी झाली. वर्गात मोकळ्या खेळाच्या वेळी स्केचपेन आणि कागद पुन्हा टेबलावर ठेवले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. कोण किती वेळ चित्रांपाशी रमतं, एवढंच लपून पाहिलं. बक्षीस न मिळालेली मुलं आणि अचानक मिळालेली मुलं जवळपास सारखाच वेळ रमली. ‘बक्षीस मिळेल’ हे आधी ठाऊक असलेली मुलं मात्र त्यांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी थांबली. बक्षिसासाठी त्यांनी काढलेली चित्रंही इतरांपेक्षा डावी ठरली होती. १९७३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

मला या प्रयोगातला दुसरा गट फार महत्त्वाचा वाटतो. बक्षीस त्यांनाही मिळालंच की. तरी त्यांची आवड शाबूत राहिली, कारण चित्रं काढताना त्यांच्या डोक्यात ते नव्हतं. म्हणजे बक्षीस वाईट नाही. ‘मी हे कशासाठी करतोय’ या प्रश्नाचं उत्तर जेव्हा बदलतं, तेव्हा घात होतो. आधी उत्तर होतं, ‘मला मजा येते म्हणून’. नंतर ते झालं, ‘प्रमाणपत्रासाठी’. प्रमाणपत्र संपलं तसं कारणही संपलं.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत आपल्याकडे घराघरांत जी चर्चा होते, ती ऐकताना मला ही मुलं आठवतात. किती टक्के, कोणती शाखा, कोणतं कॉलेज, पुढे पॅकेज किती. हे प्रश्न चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. घरभाडं आणि शिक्षणाचं कर्ज कुणाला चुकत नाही. पण यशस्वी आणि समाधानी आयुष्याचा मार्ग निवडायचा म्हटल्यावर मानसशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत जे शोधलं आहे, त्यात या प्रश्नांच्या आधी येणारा एक प्रश्न आहे. निवडलेली वाट त्या माणसाला आतून आपली वाटते का?

रॉचेस्टर विद्यापीठातल्या एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी याच प्रश्नाभोवती एक सिद्धांत उभा केला. त्याला स्वयंनिर्णयाचा सिद्धांत म्हणतात. शरीराला जसं अन्न-पाणी लागतं तशा मनाला तीन गोष्टी लागतात, असं ते मांडतात. पहिली, मी हे माझ्या मर्जीने करतोय ही भावना. दुसरी, मला हे जमतंय, मी सुधारतोय ही भावना. तिसरी, आपली माणसं. तिन्हींपैकी एक जरी उपाशी राहिली, तरी बाहेरून यश दिसत असताना आतून माणूस खचत जातो. क्रिस्टोफर निमिएक यांनी या दोघांसोबत २००९ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पैसा, प्रसिद्धी, रुबाब ही उद्दिष्टं ज्यांनी ठेवली आणि गाठलीही, त्यांच्या समाधानात त्यामुळे भर पडली नव्हती. उलट चिंता आणि शारीरिक तक्रारींशी त्या यशाचा संबंध दिसला. स्वतःची वाढ, जवळची नाती, समाजासाठी काहीतरी ही उद्दिष्टं गाठणाऱ्यांचं समाधान मात्र वाढलं होतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे. ‘तुझं तू ठरव’ असं आपल्याकडे चालत नाही, आपल्याकडे घर ठरवतं. हा आक्षेप मला रास्त वाटतो आणि विज्ञानानेही तो गांभीर्याने तपासला आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर (तेच, बालवाडीतल्या प्रयोगाचे) यांनी १९९९ साली सान फ्रान्सिस्कोतल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांपुढे शब्दकोडी होती. काहींनी कोडं स्वतः निवडलं. काहींसाठी प्रयोग घेणाऱ्या बाईंनी निवडलं. उरलेल्यांना सांगितलं, ‘हे तुझ्या आईने तुझ्यासाठी निवडलंय.’ गोऱ्या अमेरिकन घरांतली मुलं स्वतः निवडलेलं कोडं सर्वांत छान सोडवत होती, आणि आईने निवडलंय म्हटल्यावर त्यांचा उत्साह ओसरत होता. चिनी आणि जपानी वंशाच्या घरांतल्या मुलांनी सर्वांत चांगली कामगिरी केली ती आईने निवडलेल्या कोड्यावर. परक्या बाईंनी निवडलेलं कोडं मात्र दोन्हीकडच्या मुलांना तितकंसं भावलं नाही.

आपल्या घरांना या निष्कर्षातून बरंच घेण्यासारखं आहे. वाट कुणी दाखवली याने फारसं बिघडत नाही. ज्याने दाखवली तो आपला वाटतो का, आणि त्याने दिलेलं कारण मनाला पटतं का, यावर सगळं अवलंबून आहे. व्हॅलेरी चिर्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या चार देशांतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हाही हेच दिसलं. कुटुंबाचं ऐकण्याची रीत असो वा आपलं आपण पाहण्याची, ती रीत मनापासून पटलेली असेल तर माणूस अधिक समाधानी असतो. दबावाखाली पाळली असेल तर नसतो. एकट्याने ठरवणं वेगळं आणि मनापासून ठरवणं वेगळं.

आनंदीबाई जोशींचं आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं. शिकण्याचा आग्रह त्यांचा नव्हता, नवऱ्याचा होता. गोपाळरावांच्या त्या हट्टात मारझोडही होती, आणि तिचं समर्थन कोणत्याही सिद्धांताने होऊ शकत नाही. पण चौदाव्या वर्षी झालेलं मूल अवघ्या दहा दिवसांत गेलं, आणि शिकण्याला त्यांचं स्वतःचं कारण मिळालं. १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषणाला उभ्या राहिल्या तेव्हा आनंदीबाई स्वतःची कारणं सांगत होत्या. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि ती विद्या मी शिकून येते, असं त्यांनी सभेपुढे मांडलं. दुसऱ्याने लादलेली गोष्ट तोवर त्यांची झाली होती. १८८६ च्या मार्चमध्ये त्या पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्ष पूर्ण होण्याआधी, क्षयाने त्यांचा अंत झाला.

बाहेरून आलेली गोष्ट आतली कशी होते, याचाही प्रयोग झाला आहे. डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मुद्दाम अत्यंत कंटाळवाणं काम घेतलं. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका उमटला की स्पेसबार दाबायचा. बस्स, इतकंच. काही जणांना हे काम कशासाठी आहे ते नीट समजावलं, ‘हे कंटाळवाणं आहे, ठाऊक आहे’ असं कबूल केलं आणि ‘केलंच पाहिजे’ ही भाषा टाळली. नंतर एकटं सोडल्यावर कोण आपणहून ते काम करत राहतं हे पाहिलं. या तीन गोष्टी मिळालेले लोक जास्त वेळ करत राहिले, आणि ते काम त्यांना अर्थपूर्णही वाटलं. मुलाला सायन्सला घालू पाहणाऱ्या आई-बापांनी यातली मधली गोष्ट विसरू नये. ‘तुला हे जड जातंय, दिसतंय मला’ एवढं म्हणायला आपली जीभ फार अडखळते.

आता दुसरी अडचण. समजा घरचे समजूतदार आहेत आणि निर्णय खरोखर आपल्या हातात आहे. मग आपल्याला काय आवडेल हे आपल्याला कळतं का? डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी हार्वर्डमध्ये छायाचित्रणाच्या वर्गात हे तपासलं. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंपैकी दोन आवडते फोटो डार्करूममध्ये मोठे करून घेतले. मग सांगितलं, एकच घरी न्या. काहींना सवलत दिली की काही दिवसांत मत बदललं तर फोटो बदलून मिळेल. इतरांचा निर्णय तिथल्या तिथे पक्का. नंतर विचारल्यावर, ज्यांना बदलायची मुभा नव्हती त्यांनाच आपला फोटो जास्त आवडत होता. मुभा असलेल्यांच्या मनात ‘दुसरा बरा होता का’ हे चालूच राहिलं. तरी दुसऱ्या विद्यार्थ्यांना तुम्हाला काय हवं असं विचारलं तेव्हा बहुतेकांनी मुभाच मागितली. सगळे पर्याय उघडे ठेवण्यात सुख आहे असं आपल्याला वाटतं, आणि मन तर दार बंद झाल्यावरच आहे त्यात रमायला लागतं. वर्षानुवर्षं ‘अजून एक परीक्षा देऊन पाहतो’ म्हणत राहणाऱ्या मुलांच्या बेचैनीचं एक कारण मला इथे दिसतं.

त्यात आपण स्वतःही बदलत असतो. जॉर्डी क्वाडबाक, गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ साली १९ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात? इतरांना विचारलं, पुढच्या दहांत किती बदलाल? अठरा वर्षांच्या तरुणापासून साठी उलटलेल्यांपर्यंत प्रत्येक वयात चित्र एकच, आजवर खूप बदललो, आता फारसा बदलणार नाही. म्हणून विशीत आखलेल्या वाटेवर चाळिशीतल्या माणसाला चालायला लावण्याआधी, मधे वळणं घ्यायला जागा ठेवलेली बरी. पर्याय कायम उघडे ठेवणं वेगळं. एक वाट मनापासून धरायची, आणि ती चुकली असं दिसलं तर मनापासून सोडायची.

सोडताना आपण फार कचरतो, याचा पुरावा अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी गोळा केला. नोकरी सोडावी का, नातं संपवावं का अशा प्रश्नांवर अडकलेल्या लोकांसाठी त्यांनी इंटरनेटवर नाणेफेकीची सोय केली. छापा पडला तर बदल करा, काटा पडला तर आहे तसं राहू द्या. वीस हजारांहून अधिक वेळा नाणं उडवलं गेलं आणि बऱ्याच जणांनी त्याचा कौल मानलाही. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा मोठ्या प्रश्नांत बदल केलेले लोक, न केलेल्यांपेक्षा सुखी होते. अर्थात हे सगळे मुळात कुंपणावर बसलेले लोक होते. ज्याला आहे ते आवडतं, त्याने नाणं उडवायला जाऊ नये.

मग निवडायचं कशाच्या आधारावर? मला सर्वांत उपयोगी वाटलेला प्रयोग गिल्बर्ट यांचाच आहे, २००९ सालचा. एका अनोळखी तरुणाशी पाच मिनिटांची भेट कशी वाटेल, याचा अंदाज तरुणींना आधी सांगायचा होता. काहींना त्याचा फोटो आणि माहिती दिली. काहींना फक्त आधी त्याला भेटलेल्या मुलीने भेटीला दिलेले गुण सांगितले. दुसऱ्या गटाचे अंदाज कितीतरी जास्त अचूक निघाले. तरी बहुतेकींना फोटो आणि माहितीच भरवशाची वाटत होती. करिअरच्या बाबतीत आपण तेच करतो. माहितीपुस्तिका, पॅकेजचे आकडे, कॉलेजचं रँकिंग यांत तासन्‌तास घालवतो, आणि ते आयुष्य आज जगणाऱ्या माणसाला कधी विचारत नाही.

विचारायचं कसं, तेही मानसशास्त्रज्ञांकडून शिकता येतं. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना ‘तुम्ही सुखी आहात का’ असं विचारून भागवलं नाही. कालचा दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला सांगितलं. काय करत होता, कुणासोबत होता, कसं वाटत होतं. असं विचारलं की माणूस मत सांगत बसत नाही, दिवस सांगतो.

माझी भाची अकरावीत आहे आणि तिला आर्किटेक्ट व्हायचंय. मी तिला एका ओळखीच्या आर्किटेक्ट बाईंकडे नेलं आणि एकच प्रश्न विचारायला सांगितला, ‘मॅडम, काल दिवसभर काय केलंत?’ बाईंनी सगळं सांगितलं. सकाळी साईटवर चुकीच्या मापाच्या टाइल्स आल्या म्हणून कंत्राटदाराशी वाद. दुपारी महापालिकेत नकाशा मंजुरीसाठी दीड तास बाकावर. संध्याकाळी ऑफिसात एका बंगल्याचा जिना, जो जागेत बसतच नव्हता आणि रात्री आठला एकदाचा बसला. ‘कंटाळा कधी आला?’ भाचीने विचारलं. ‘महापालिकेत,’ त्या म्हणाल्या. ‘आणि मजा?’ बाईंनी उत्तर न देता जिन्याचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि पुढचा अर्धा तास त्या दोघी त्यावर वाकून होत्या.

परतताना ती म्हणाली, ‘मामा, बाकावर बसणं मला नाही जमणार.’ थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, ‘पण ते आठवड्यातून किती वेळा असतं, हे विचारायचं राहिलं.’ दुसऱ्या दिवशी तिने फोन करून ते विचारलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस ऑफिसात येऊन बसू का, हेही. बाई हो म्हणाल्या आहेत. माझ्या बहिणीने अट घातली आहे की सुट्टीचा अभ्यास आधी संपवायचा.